सुराबायात आपण कुणाच्या बाजूने होतो?

दरवर्षी १० नोव्हेंबरला इंडोनेशियात वीर दिन पाळतात. सुराबाया शहरात ४१.१५ मीटर उंचीचा एक स्तंभ आहे, तो याच दिवसाच्या स्मरणार्थ. १९४५ साली या तारखेला ब्रिटिश फौजेने जमिनीवरून, समुद्रातून आणि आकाशातून त्या शहरावर हल्ला चढवला, आणि जेमतेम तीन महिने वयाच्या प्रजासत्ताकाच्या पोरसवदा लढवय्यांनी जवळजवळ तीन आठवडे गल्लीबोळांतून झुंज दिली. तिथल्या शाळकरी पोरालाही हे माहीत असतं. आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं ते एवढंच, की त्या ब्रिटिश फौजेतले रस्त्यावर उतरून लढणारे शिपाई बहुतांशी भारतीय होते. आणि पंधरा दिवस आधी तिथे जी पहिली ब्रिगेड उतरली, तिच्या तीन पलटणींपैकी दोन मराठा लाइट इन्फंट्रीच्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धातल्या मराठा पलटणींविषयी आपण अभिमानाने बोलतो. पूर्व आफ्रिकेतल्या केरेनची चढाई, इटलीतल्या नद्या, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावला घाडग्यांचा पुतळा आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हा शब्दच चिकटलेला आहे. सुराबायाचं नाव या यादीत येत नाही. कारण उघड आहे. केरेनला आणि इटलीत समोर फॅसिस्ट आणि नाझी होते. सुराबायात समोर होते ते आपल्यासारखेच गुलामीतून सुटू पाहणारे लोक. असल्या लढाईचा पोवाडा कोण गाणार?

पण पोवाडा गाता येत नाही म्हणून लढाई विसरून जायची, हे मला पटत नाही. साम्राज्याच्या हातातलं मुख्य हत्यार, म्हणजे भारतीय लष्कर, दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याविरुद्ध बिनबोभाट वापरण्याचे दिवस सुराबायात संपत आले. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यातली ही सुरुवातीची लढाई आपल्या स्वातंत्र्याच्या शेवटच्या पर्वाचाही भाग आहे, आणि मराठी माणसाने ती वाचली पाहिजे ती याच कारणासाठी.

आधी काय घडलं ते. १५ ऑगस्ट १९४५ला जपानने शरणागती पत्करली. दोनच दिवसांनी, १७ ऑगस्टला, सुकार्नो आणि हट्टा या नेत्यांनी जाकार्तात स्वातंत्र्य जाहीर केलं. साडेतीन वर्षांपूर्वी जपान्यांनी हाकलून लावलेले इथले जुने राज्यकर्ते डच परत यायला उतावीळ होते, पण त्यांच्याकडे ना फौज होती ना जहाजं. मग ते काम माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडच्या गळ्यात पडलं. जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायची, छावण्यांत कोंडलेले युद्धकैदी आणि हजारो डच बायका-मुलं सोडवायची, हे अधिकृत काम. डच सत्ता पुन्हा बसवणं त्या कामाच्या पोटात दडलेलं होतं. लंडनमध्ये तेव्हा ॲटली यांचं मजूर पक्षाचं सरकार होतं. ब्रिटिश पोरांना आता घरी जायचं होतं, तेव्हा माउंटबॅटन यांच्या हाताशी उरल्या त्या भारतीय डिव्हिजन.

सुराबाया हे डचांचं जावामधलं मोठं नाविक ठाणं. सप्टेंबरमध्ये तिथल्या एका बड्या हॉटेलवर डचांनी आपला तिरंगी झेंडा लावला, तेव्हा तरुणांनी वर चढून त्यातला खालचा निळा पट्टा फाडून टाकला. उरला तो लाल-पांढरा, म्हणजे प्रजासत्ताकाचाच झेंडा. पुढच्या काही दिवसांत तिथल्या जपानी आरमाराच्या प्रमुखाने शस्त्रागारं इंडोनेशियन हातांत जवळजवळ जाऊच दिली. त्यामुळे ऑक्टोबर संपता संपता या शहरात जी शस्त्रं होती, ती जावातल्या दुसऱ्या कुठल्याच शहरात नव्हती.

अशा शहरात २५ ऑक्टोबरला ४९वी भारतीय ब्रिगेड उतरली. शिपाई चारेक हजार, प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी. हा माणूस बराच काळ दिल्लीच्या लष्करी मुख्यालयात काम केलेला, नकाशावरचा पक्का. त्याने शहरभर आपल्या छोट्या छोट्या तुकड्या पांगवल्या: रेडिओ केंद्रावर एक, टेलिफोन एक्स्चेंजवर एक, आणखी कुठे कुठे. शांततेच्या काळात ठीक आहे हो, पण अनोळखी आणि तापलेल्या शहरात फौज अशी उधळून टाकणं म्हणजे आपणहून ओलीस देणंच. तरीही मॅलबीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. २६ तारखेला त्याने स्थानिक नेत्यांशी समझोता केला होता की इंडोनेशियनांची शस्त्रं काढून घेतली जाणार नाहीत. हा समझोता टिकता, तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

तो एका दिवसात मोडला, आणि मोडला तो ब्रिटिशांनीच. २७ तारखेला जाकार्ताहून आलेल्या विमानाने शहरावर पत्रकं टाकली: ४८ तासांत शस्त्रं खाली ठेवा, नाहीतर गोळी घालू. पत्रकाखाली डिव्हिजनच्या प्रमुखाचं नाव. मॅलबीला याची आगाऊ कल्पना नव्हती. पण वरून हुकूम आला म्हटल्यावर आदल्या दिवशीचा शब्द त्याला गिळावा लागला. सुराबायातल्या लोकांना यात ठरवून केलेला दगा दिसला, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही तोच दिसला असता.

२८ ऑक्टोबरच्या दुपारी शहर उठलं. विखुरलेल्या तुकड्यांना हजारो सशस्त्र तरुणांनी आणि त्यांच्यामागच्या जमावाने वेढलं. रेडिओ केंद्राची इमारत पेटवून दिली गेली. छावण्यांतून बायका-मुलांना घेऊन निघालेल्या ट्रकच्या ताफ्यावर हल्ला झाला, आणि ताफ्याचं रक्षण करणारे भारतीय शिपाई काडतुसं संपेपर्यंत लढून मेले. दोन दिवसांत दोनशेच्या आसपास माणसं गेली. वर्ष-दीड वर्षापूर्वी ज्या ४थ्या मराठा पलटणीने मणिपूरच्या डोंगरात, सांगशाकला, जपान्यांना रोखून धरण्याच्या लढाईत रक्त सांडलं, तिच्यावर जपान हरल्यानंतर, युद्ध संपल्यानंतर ही पाळी आली. कोकणातल्या किंवा घाटावरच्या कुठल्या घरी ही बातमी पोचली असेल, तेव्हा तिथे काय सांगितलं गेलं असेल? लढाई तर ऑगस्टमध्येच संपली होती. मग पोरगा मेला कुठे, आणि कुणाशी लढताना?

ब्रिगेडचा पुरता निकाल लागायची वेळ आली तेव्हा ब्रिटिशांनी मदत मागितली ती सुकार्नोंकडे. ज्या सरकारला ते अधिकृतपणे मान्यता देत नव्हते, त्याच सरकारच्या अध्यक्षाला त्यांनी विमानात घालून २९ तारखेला सुराबायाला आणलं. सोबत हट्टा आणि मंत्री अमीर शरीफुद्दीन. सुकार्नोंनी लोकांना गोळीबार थांबवायला सांगितलं आणि शहराने बऱ्याच अंशी ऐकलं. मराठा पलटणींतली जी माणसं त्या रात्री वाचली, त्यांच्या वाचण्यात इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांचा हात होता. आपल्या लष्करी आठवणींत ही नोंद ठळक असायला हवी होती.

३० तारखेची संध्याकाळ मात्र घातकी निघाली. लाल पुलाजवळच्या इंटरनाशिओ इमारतीत ६व्या मराठा पलटणीची एक कंपनी अडकली होती. बाहेर चौकात जमाव, 'त्यांना शस्त्रं टाकायला लावा' असा आग्रह. मॅलबी आणि दोन्ही बाजूंचे मध्यस्थ गाड्यांतून पांढरे झेंडे लावून शस्त्रसंधीचा निरोप देत फिरत होते. बोलणी करायला एक इंडोनेशियन अधिकारी इमारतीत गेला, आणि थोड्या वेळाने आतून गोळीबार सुरू झाला. का झाला, यावर पुढे ब्रिटिश पार्लमेंटमध्येही वाद झाला. एका खासदाराने उघड म्हटलं की मॅलबीचा मृत्यू म्हणजे कपटाने केलेला खून नव्हे. आपल्या माणसांवर जमाव चालून येतोय असं वाटून सुटका करण्यासाठी आतून गोळ्या झाडल्या गेल्या, ही शक्यता मला सर्वांत पटते. अंधार पडल्यावर गाडीत अडकून पडलेल्या मॅलबीला एका तरुणाने जवळून गोळी घातली. ब्रिटिशांनी 'खून' हीच बाजू धरली, कारण पुढच्या कारवाईला ती हवीच होती.

५वी भारतीय डिव्हिजन बोलावली गेली. ९ नोव्हेंबरला मेजर जनरल मॅन्सर्ग यांचा निर्वाणीचा इशारा निघाला: नेत्यांनी आणि हत्यारबंद लोकांनी डोक्यावर हात ठेवून यावं आणि शस्त्रं ठेवावीत, मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत. माणसाने ही अट वाचावी आणि स्वतःला विचारावं, कुठल्या गावाने हे मानलं असतं? पूर्व जावाचे गव्हर्नर सूर्यो यांनी रेडिओवरून नकार कळवला. बुंग तोमो नावाच्या पंचविशीतल्या तरुणाने रेडिओवरून 'स्वातंत्र्य किंवा मरण' ही घोषणा घराघरांत पोचवली. त्याआधीच, २२ ऑक्टोबरला, नहदलतुल उलमा या मुस्लिम संघटनेच्या धर्मगुरूंनी स्वातंत्र्याचं रक्षण हे धर्मकर्तव्य ठरवलं होतं, त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या मदरशांची पोरं शहरात आलेलीच होती. १० तारखेच्या सकाळी तोफा सुरू झाल्या. शहराचा बराचसा भाग तीन दिवसांत पडला, तरी लढाई महिनाअखेरपर्यंत चालली. मेलेल्या इंडोनेशियनांचा आकडा इतिहासकार किमान सहा हजार धरतात, काही सोळा हजारांपर्यंत जातात. लाखो लोक गाव सोडून गेले.

युद्धशास्त्राच्या हिशेबाने प्रजासत्ताक हरलं. शहर गेलं, जमवलेली शस्त्रं गेली, शिकलेली पोरं गेली. राजकारणाच्या हिशेबात मात्र उलटं झालं. तोपर्यंत डचांचा ठाम समज होता की हे प्रजासत्ताक म्हणजे जपान्यांनी उभं केलेलं बुजगावणं, चार पुढारी पकडले की संपलं. सुराबायाने तो समज मोडला, डचांचा थोडा उशिराने, ब्रिटिशांचा लगेच. एका शहरासाठी जर एवढी फौज लागते, तर जावासाठी किती, असा साधा त्रैराशिकाचा हिशेब लंडनने केला आणि डचांना 'बोलणी करा' म्हणून मागे लागले. वर्षभराने, १५ नोव्हेंबर १९४६ला, लिंगाजातीच्या मसुद्यावर प्राथमिक सह्या झाल्या. डचांनी जावा, मदुरा आणि सुमात्रावर प्रजासत्ताकाचा प्रत्यक्ष अंमल मान्य केला. महिनाअखेर ब्रिटिशांनी काढता पाय घेतला.

इथे एक सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो, की बंदुकीने जे मिळालं ते बोलण्यांनी मिळालं नसतं. तो मला मान्य नाही, आणि कारण आहे सुतान शाहरीर हा इंडोनेशियन पुढारी. लढाई पेटली त्याच दिवसांत या माणसाने एक पुस्तिका काढली आणि तरुणांच्या आंधळ्या हिंसेवर, डच आणि मिश्रवंशीय नागरिकांच्या हत्यांवर, जपानी संस्कारातून आलेल्या द्वेषावर कडाडून टीका केली. नोव्हेंबर १९४५मध्ये देशभक्तीच्या लाटेत असं लिहायला छाती लागते. आणि गंमत बघा, १४ नोव्हेंबरला, सुराबाया जळत असताना, तोच शाहरीर पंतप्रधान झाला. वाटाघाटीला बसणारा चेहरा जगाला हवा होता आणि त्याच्यामागे सुराबायाचा धाक होता. धाक नसता तर डचांनी शाहरीरला दारातही उभं केलं नसतं. शाहरीर नसता तर धाकाचं रूपांतर करारात झालं नसतं, आणखी चार सुराबाया झाल्या असत्या. इंडोनेशियात आजही लढाईची बाजू आणि वाटाघाटीची बाजू असा श्रेयाचा वाद चालतो. आपल्याकडे क्रांतिकारक विरुद्ध गांधी हा वाद जसा चालतो, तसाच. आणि तितकाच निष्फळ.

आता भारताकडे. वेळेचा योगायोग पाहा: आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा लाल किल्ल्यातला खटला ५ नोव्हेंबर १९४५ला सुरू झाला, आणि पाचच दिवसांनी सुराबायावर हल्ला झाला. एकीकडे देशासाठी हत्यार उचललं म्हणून भारतीय सैनिक आरोपीच्या पिंजऱ्यात, दुसरीकडे डचांसाठी हत्यार उचलायला लावलेले भारतीय सैनिक जावात. नेहरू या वापरावर जाहीर सभांतून तुटून पडले. मुंबई आणि कलकत्त्याच्या गोदी कामगारांनी आग्नेय आशियातल्या फौजेसाठीचा माल चढवायला नकार दिला. व्हॉइसरॉय वेव्हेल आणि सरसेनापती ऑकिन्लेक यांना तर भारतीय फौज तिथून लवकर काढायची घाई झाली, कारण हुकूम पाळला जाईल याची खात्री आता कुणाला नव्हती. जावा-सुमात्रात काही शे भारतीय शिपाई प्रत्यक्ष पळून इंडोनेशियनांना मिळाले.

आणि मग १८ फेब्रुवारी १९४६. मुंबईत 'तलवार' या नौदल तळावरच्या नाविकांनी संप पुकारला. नासकं जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, तुटपुंजा पगार, या तक्रारी आपल्याला पाठ आहेत. पण नाविकांच्या मागण्यांत आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका होती आणि इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलवा, ही मागणीसुद्धा होती. लालबाग-परळच्या ज्या गिरण्या नाविकांच्या पाठिंब्यासाठी बंद पडल्या, ज्या रस्त्यांवर गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं मेली, त्या संपाच्या कागदावर इंडोनेशियाचं नाव होतं. या उठावाच्या आपल्या गोष्टींतून हे कलम सहसा गळतं. ते गळलं की उठाव बेचव अन्नाविरुद्धचा दंगा होऊन बसतो.

मी सुराबायाचं माप फुगवत नाही. भारत स्वतंत्र झाला तो एका जावानीज शहरामुळे नव्हे. पण भारतीय सैनिकाच्या जिवावर आशियात साम्राज्यं टिकवता येणार नाहीत, हे ब्रिटिशांना ज्या थोड्या महिन्यांत उमगलं, त्या महिन्यांत सुराबाया मधोमध उभी आहे.

त्यानंतरचं इंडोनेशियाविषयीचं आपलं धोरणही इथूनच कळतं. १९४६ साली भारतात धान्याची टंचाई होती, तेव्हा स्वतः नाकेबंदीत अडकलेल्या शाहरीर सरकारने पाच लाख टन तांदूळ देऊ केला. जुलै १९४७मध्ये डचांनी करार मोडून हल्ला केला, तेव्हा बिजू पटनाईक डकोटा विमान घेऊन गेले आणि शाहरीर यांना बाहेर काढून आणलं. डिसेंबर १९४८च्या दुसऱ्या हल्ल्यानंतर भारताने डच विमान कंपनीला आपलं आकाश बंद केलं आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरवली. २७ डिसेंबर १९४९ला डच सरकारने सार्वभौमत्व सोडलं. सोडताना जाता जाता ४३० कोटी गिल्डरचं कर्ज नव्या देशाच्या माथी मारलं, ज्यात त्याच्याशीच लढायला झालेल्या खर्चाचाही भाग होता. वसुली कशी करावी ते वलंदेजांकडून शिकावं. महिन्याभरात, २६ जानेवारी १९५०ला, भारताच्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला पाहुणे म्हणून सुकार्नो हजर होते. जे भारतीय लष्कर त्यांनी सुराबायात वाचवलं होतं, त्याची मानवंदना त्यांनी चार वर्षांनी दिल्लीत घेतली.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: शिपाई हुकुमाचा ताबेदार, त्याला कशाला मध्ये ओढता? मीही ओढत नाही. बेळगावला भरती झालेल्या माणसाचं हातावर पोट होतं, हातात परराष्ट्र धोरण नव्हतं. शिवाय त्यातले कितीतरी छावण्यांतल्या बायका-मुलांना वाचवताना मेले. ते काम चांगलं होतं आणि ते करताना आलेलं मरण कुणापुढे मान खाली घालायला लावणारं नाही. दोष आहे तो पत्रकं टाकणाऱ्यांचा, डोक्यावर हात ठेवायला सांगणाऱ्यांचा, आणि सुटकेच्या कामाच्या आडून डचांची गादी जपणाऱ्यांचा.

दुसरा आक्षेप अगदी उलट्या टोकाचा: हे भाडोत्री सैनिक, त्यांची आठवण कशाला? असं म्हणणारे बहुधा घाडग्यांच्या पुतळ्याला हार घालताना हा प्रश्न विचारत नाहीत. इटलीतला सैनिकही त्याच राजाचा पगार खात होता. शत्रू सोयीचा होता म्हणून तो वीर आणि अडचणीचा होता म्हणून हा भाडोत्री, हा न्याय काही खरा नव्हे.

नेदरलँड्सकडे बघा. तिथे राजाने २०२०मध्ये इंडोनेशियात जाऊन अतिरेकी हिंसेबद्दल माफी मागितली, २०२२मध्ये मोठ्या संशोधनाचे निष्कर्ष आल्यावर पंतप्रधानांनी मागितली, आणि १७ ऑगस्ट १९४५ हाच इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन असं निःसंदिग्ध शब्दांत म्हणायला २०२३ साल उजाडलं. पाऊणशे वर्षं लागली, पण कागद बाहेर आले. आपल्यावर माफीचा प्रश्न येत नाही. सुराबायात फौज पाठवण्याचा निर्णय एकाही भारतीय प्रतिनिधीने घेतलेला नव्हता, हाच तर मुद्दा आहे. आपल्या सैनिकांना परदेशी कुणी, कशासाठी, कुणाला विचारून पाठवायचं? हा प्रश्न १९४७नंतरही संपला नाही. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत शांतिसेनेचे अकराशेहून अधिक जवान गेले. २००३मध्ये इराकला फौज पाठवण्याचा अमेरिकेचा आग्रह मोडताना देशात रीतसर वाद झाला. सुराबायात वाद घालायची सोयच नव्हती.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे. शालेय इतिहासात नाविकांच्या उठावाचा जो परिच्छेद असतो, त्यात इंडोनेशियाच्या मागणीचं एक वाक्य यावं. आणि ४थ्या आणि ६व्या मराठा पलटणीची जी माणसं २८ ऑक्टोबर १९४५नंतर परत आली नाहीत, त्यांची नावं, गावं आणि ती कुठे पडली याची यादी मराठीत छापली जावी. ज्यांच्या घरात आजोबांचा गणवेशातला फोटो भिंतीवर आहे, पण 'जावा' म्हणजे नेमकं कुठे हे कुणाला सांगता येत नाही, त्यांना निदान एवढं तरी कळायला हवं की समोरचा माणूस शत्रू नव्हता, आणि तिथे पाठवणाराही आपला नव्हता.